बिल्ला क्रमांक चारशे सतरा

माणसाचे नाव काढून घेतले, तर त्याच्यापाशी काय उरते, सांगू शकाल? मी ते पाहिले आहे. सोलापूरच्या एका कापडगिरणीतला मी पितळी बिल्ला बोलतोय. माझ्या अंगावर चारशे सतरा हा आकडा कोरलेला आहे.

१९७१ साली मी मंद्रूप गावच्या शिवशरणच्या हाती आलो. तो बदली कामगार होता. कायमचा कामगार गैरहजर असेल, त्याच दिवशी त्याला माग मिळे. माग तोच, कापड तेच. पण भत्ता नाही, रजा नाही, पगार निम्मा. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करावे लागते, असे सारे म्हणत. शिवशरण रोज इष्टलिंगाची पूजा करी आणि काम मिळालेल्या दिवशी भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी.

दोनशे एकतीस रेघा झाल्या आणि मुकादम धोंडीरामने मला काढून घेतले. पंधरा दिवसांनी परत दिले.

"आजपास्नं तू बिरप्पा. हजेरीला हेच सांगायचं."

"आन् खरा बिरप्पा आला तर?"

"खरा असता तर त्याचं नाव तुला दिलं असतं व्हय?"

घरी त्याची बायको महानंदा म्हणाली, "मग मी कुंकू कुणाच्या नावानं लावू? त्या बिरप्पाच्या?"

शिवशरणने जुन्या रेघा पुसून पुन्हा पहिली रेघ ओढली.

दोन वर्षांनी सरकारी अधिकारी चौकशीला आले. एकाच माणसाला दोन नावांनी राबवले असेल, तर दिवस जोडून त्याला कायम करू, असे त्यांनी सांगितले. सकाळी महानंदाने बजावले होते, "आज खरं बोला. सिद्धरामेश्वर बघतोय की."

"नाव काय तुमचं?" अधिकाऱ्याने विचारले.

मुकादम मागे उभा होता. उद्याचा माग त्याच्या हाती होता. मी शिवशरणच्या मुठीत घामाने भिजलो होतो. सत्य मला ठाऊक होते. पण ईश्वराने पितळेला वाचा दिलेली नाही. ज्याला दिली होती, तो म्हणाला, "बिरप्पा."

त्या वर्षीही दिवस भरले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात छाती कापसाने भरली, तेव्हा मला मुकादमाच्या टेबलावर ठेवून तो मंद्रूपला गेला. निघताना त्याने मला कपाळाला लावले. त्याचे पुढे काय झाले, मला कळले नाही.

१९७८ साली गिरणीने नवा, स्वस्त मुकादम नेमला. धोंडीराम आपल्या बावीस वर्षांचा हक्क मागायला कचेरीत गेला. कारकुनाने कागद पुढे केले. दर वर्षी अकरा महिन्यांची नेमणूक, मग कागदोपत्री एक महिना खंड. प्रत्येकावर धोंडीरामचीच सही. मालकावर विश्वास ठेवून त्याने एकही कागद वाचला नव्हता.

"तुमची नोकरी अकराच महिन्यांची, धोंडीराम."

घरी चूल पेटायला हवी होती. म्हणून एका पहाटे तो फाटकाशी बदली कामगारांच्या रांगेत उभा राहिला. नव्या मुकादमाने मला त्याच्या तळहातावर ठेवले आणि मान वर न करता म्हटले,

"आजपास्नं तुमी बिरप्पा."

"व्हय, मुकादम," धोंडीराम म्हणाला.