मोंव्हेरची तुळई

मी एक तुळई बोलतेय. लार्च नावाच्या डोंगरी झाडाच्या लाकडाची, बावीस हात लांब. सहाशे वर्षं मोंव्हेरच्या किल्ल्यात स्वयंपाकघराच्या माथ्यावर होते, आता अंगणात गवतावर आडवी आहे. माथ्यावर असताना बोलायची सोय नव्हती. तुळईनं आवाज केला की माणसं घाबरतात. घाबरायलाच हवं, पण ते पुढे सांगते.

माझा जन्म किल्ल्याच्या वरच्या उतारावर, जिथे मे महिन्यापर्यंत बर्फ असतो. आमची झाडं हिवाळ्यात पानं गाळून बसतात आणि हळूहळू वाढतात, म्हणून लाकूड चिवट. भर थंडीत, अंगात रस कमी असताना, माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. पहिला घाव बसला तेव्हा मला वाटलं चुकून लागला. दुसऱ्या घावाला कळलं. तो माझा पहिला धक्का. मग बैलांनी मला बर्फावरून खाली ओढत आणलं, सुतारांनी तासलं आणि दोन भिंतींच्या मधे चढवलं. माझी दोन्ही टोकं दीड-दीड हात भिंतीत गेली. शेजारी तशाच सहा बहिणी. आमच्या खाली चूल, आमच्या वर दिवाणखाना.

मालकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवाणखान्यात ते नाचले, भांडले, एकदा एका लग्नात दोन भाऊ तलवारी काढून उभे राहिले, आणि ते सगळं वजन आम्ही पेललं. पुढे घराणं संपलं. मग दोनशे वर्षं वर वाळलेलं गवत आणि खाली शेळ्या. शेळ्यांचा मला त्रास नव्हता. त्या वर बघून "किती जुनं आहे हे?" असं विचारत नाहीत.

मग गावानं किल्ला ताब्यात घेतला, शेळ्या बाहेर काढल्या आणि पाहुणे आत घेतले.

पाहुणे आओस्ताच्या खोऱ्यात दोन दिवसांत पाच किल्ले करतात. सकाळी फेनीसचा किल्ला, दुपारी आम्ही, संध्याकाळी पाय दुखतात म्हणून कुरकुर. आत आल्यावर पहिला प्रश्न संडास कुठे आहे, दुसरा भूत कुठे आहे. तिसरा कुणी विचारलाच तर तो चुलीबद्दल असतो. "एवढ्या मोठ्या चुलीत काय भाजायचे?" देल्फिना म्हणायची, "उशिरा आलेले पाहुणे." सगळे हसायचे. सव्वीस वर्षं ती हाच विनोद करत आली, आणि मी सांगते, सव्वीस वर्षं लोक हसत आले.

देल्फिना म्हणजे किल्ला दाखवणारी बाई. किल्ल्याच्या पायथ्याशी घर, पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत. आणि दुसरा माझ्या जवळचा माणूस ग्रातो पेरो. गावचा सुतार, वय एकोणऐंशी. सगळं गाव त्याला ग्रातोकाका म्हणतं.

ग्रातोकाका दर वर्षी मे महिन्यात, पाहुणे सुरू व्हायच्या आधी, शिडी लावून आमच्यापर्यंत चढायचा. हातात लाकडी मोगरी. एकेकीला टोकापासून टोकापर्यंत ठोकायचा आणि कान लावायचा. निरोगी लाकूड टणटण वाजतं. आतून सडलेलं बद्द वाजतं, फुटक्या मडक्यासारखं. त्याच्या बापानंही आम्हाला असंच ठोकलं होतं. ठोकून झालं की तो खाली ओरडायचा, "घंटेसारखी आहे!" आणि देल्फिना त्याला वाइनची बाटली द्यायची. कागद नाही, सही नाही. ग्रातोकाका ठीक म्हणाला म्हणजे ठीक.

काही वर्षांपूर्वी उत्तरेच्या बाजूला छपरावरची एक दगडी फरशी सरकली. वितळलेल्या बर्फाचं पाणी भिंतीत मुरायला लागलं, आणि भिंतीत माझं टोक होतं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आतून मी भुगा होत होते. मला भीती नव्हती. मे महिना येईल, काका ठोकेल, त्याला कळेल, असं मी धरून चालले होते.

मे आला. काका चढला. उत्तरेच्या टोकाजवळ त्यानं मोगरी मारली आणि माझ्यातून असा बद्द आवाज आला की माझी मलाच लाज वाटली. काकानं कान लावला, डोळे मिटले.

"घंटेसारखी!" तो म्हणाला.

मी हबकले. वाटलं, थट्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तो पुढच्या बहिणीकडे गेला. ती टणटण वाजली, तिलाही त्यानं तेच सांगितलं, त्याच सुरात. देल्फिना तेव्हा खाली फाटकाशी रंगाऱ्याशी हुज्जत घालत होती. ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढच्या मे महिन्यातही तसंच झालं. ज्या माणसाचा कान म्हणजे आमचा वैद्य, त्याला ऐकू येत नव्हतं, आणि हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात देल्फिनाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपकिरी भुसा सापडला. पुसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिनं सरपंच एमेरिकोला सांगितलं. तो म्हणाला, "द्राक्षतोडणीच्या गडबडीत मला भुशाचं काय सांगतेस? काकाला बोलाव." तिनं बोलावलं.

तो दुपारी आला तेव्हा देल्फिना वर दिवाणखान्यात बेर्गामोहून आलेल्या सत्तावीस निवृत्त मास्तर-मास्तरणींना किल्ला दाखवत होती. काकानं खाली आपली शिडी लावली आणि मला ठोकायला सुरुवात केली. वर जिन्याच्या तोंडातून आवाज जात होता. टण. टण. मग बद्द.

देल्फिनाचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

"घंटेसारखी आहे गं पोरी!" खालून काका ओरडला.

ती जिन्यापाशी आली. तिथून तिला काकाची पाठ दिसत होती. "काका, तिथंच पुन्हा एकदा मारा बरं."

काकानं मान वळवली नाही.

"काका! ऐकलंत का?"

त्यानं शांतपणे मोगरी पिशवीत ठेवली आणि टोकाजवळचा भुसा बोटानं खरवडून बघायला लागला. मला वाटतं, मी सडलेय आणि काकाला ऐकू येत नाही, या दोन्ही गोष्टी देल्फिनाला एकाच क्षणी कळल्या.

आणि नेमकं तेव्हाच मागे मास्तर मंडळी फोटोसाठी गोळा होत होती. दिवाणखान्याच्या शेकोटीपुढे, एकमेकांना खेटून, बरोबर माझ्या डोक्यावर. "जरा आत सरका! अजून आत! उंच माणसं मागे!" माझ्या उत्तर टोकाला करकर सुरू झाली. ती मी थांबवू शकत नव्हते. लाकडाच्या हातात काही नसतं.

देल्फिना ओरडली असती तर ते सगळे एकदम धावले असते, आणि सत्तावीस माणसांची धाव मी सोसली नसती. ती हसली. कशी हसली, देव जाणे.

"मंडळी, अंगणात वाइन आणि बदामाच्या चकत्या मांडल्यात. गावाकडून फुकट! पण शेजारच्या गावचे पाहुणे आधी पोचले की संपलंच. भिंतीच्या कडेकडेनं, दोघं-दोघं चला. शाळेत पोरांना चालवत होतात ना, तसं."

दोघं-दोघं निघाले. भिंतीच्या कडेनं, खुसखुसत. एक म्हातारे मास्तर तेवढे शेकोटीपुढून हलेनात. "मी वाइन पीत नाही बाई. मला शेकोटीवरचं कोरीवकाम बघू दे."

"मास्तर, निघा!" ती म्हणाली, आणि असं म्हणाली की ते आयुष्यभर ज्या सुरात बोलले तोच सूर उलटून त्यांच्या अंगावर आला. मुकाट निघाले.

शेवटचा माणूस बाहेर पडला आणि ती खाली धावली. काका अजून शिडीवर. आता माझ्यातून चिंध्या फाटल्यासारखा आवाज येत होता. जिन्यावरून ती किंचाळली, "काका, खाली उतरा! पडतंय!" काका बोटावरचा भुसा नाकाशी नेऊन हुंगत होता. माझ्यापासून त्याचा कान एक वीत होता. मी फाटत होते आणि त्याला ऐकू येत नव्हतं. एवढा धक्का मला पहिल्या कुऱ्हाडीचा बसला नव्हता.

तिनं त्याची विजार धरून ओढली.

"अगं, पडेन ना! वेड लागलंय का तुला?" तो खेकसला, तिच्या अंगावर कोसळला, आणि तिनं त्याला काखेत धरून फरफटत दाराबाहेर काढलं.

मग मी सुटले. अर्धा दिवाणखाना माझ्याबरोबर खाली आला. फरश्या, फळ्या, सहाशे वर्षांची माती. टेबलाच्या ठिकऱ्या झाल्या. शिडीचा पत्ताच नव्हता.

धूळ खाली बसली तेव्हा अंगणात मास्तर मंडळी दगडासारखी उभी होती. एक बाई रडत एकेकाला मोजत होती. सत्तावीस भरल्यावरही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. देल्फिनाचं मनगट मोडलं होतं. काका उंबऱ्यावर बसून पडलेल्या छताकडे बघत होता आणि एकच वाक्य म्हणत होता, "पण मी वाजवून बघितली होती. मी आत्ताच वाजवून बघितली होती."

देल्फिना त्याच्याकडे बघत राहिली. त्याला ऐकू येत नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

किल्ला बंद झाला. मला ओढून अंगणात टाकलं. नऊ दिवसांनी शहरातून एक इंजिनीअर बाई आली. तरुण, बुटांना चिखल लागला तरी हरकत नसलेली. तिनं माझ्या टोकात बोटं घातली, ओंजळभर भुगा काढला. भोवती सरपंच एमेरिको, हात गळ्यात बांधलेली देल्फिना आणि थोडा मागे ग्रातोकाका.

"सडलेला भाग सगळा भिंतीच्या आत होता," इंजिनीअर बाई म्हणाली. "हे बाहेरून कुणाला दिसणं शक्य नव्हतं."

सरपंचानं लगेच धागा पकडला. "म्हणजे दैवी आपत्ती. तसंच लिहा. काका, तुमचाही जीव भांड्यात पडला असेल. घरी जाऊन झोपा आता."

काका त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. "काय म्हणाला तो?" त्यानं देल्फिनाला विचारलं.

तिनं मोठ्यानं, सावकाश सांगितलं. "दिसणं शक्य नव्हतं, असं म्हणतायत."

"दिसलं नसतं," काका म्हणाला. "ऐकू आलं असतं."

इंजिनीअर बाईनं वही उघडली.

"माझ्या बापाला आलं असतं. मलाही आलं असतं, तीन वर्षांपूर्वी. आता मला ऐकू येत नाही, बाई. हे लिहा."

"काका, कशाला उगाच..." सरपंच म्हणाला.

"गप रे एमेरिको. तू काय बोलतोयस ते तसंही मला कळत नाहीये."

इंजिनीअर बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड दिसेल अशी. "कधीपासून?"

"नक्की नाही सांगता येणार. बायको गेली त्या हिवाळ्यात घर गप्प झालं. मला वाटलं, माणूस गेलं की घर गप्प होतंच. भांडी वाजत नाहीत, दार वाजत नाही. मला वाटलं, यालाच दुःख म्हणतात." तो थांबला. "मग वसंत आला आणि कोंबडाही गप्प. तेव्हा कळलं."

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"ज्या माणसाला गाव कानासाठी बोलावतं, त्यानं काय सांगायचं?"

सरपंचानं टोपी काढली आणि परत घातली. देल्फिना मात्र चिडली. नऊ दिवसांचं तिनं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "सत्तावीस माणसं होती वर! आणि खाली तुम्ही! मी जिन्यावर उभी राहून तुमच्या पाठीशी ओरडत होते, काका! मला अजून तीच पाठ दिसते!"

त्यानं सगळं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तिचा चेहरा त्याला पुरेसा होता. तो आला आणि माझ्यावर बसला, म्हणजे अक्षरशः बसला. थोड्या वेळानं तीही त्याच्या शेजारी बसली. मोडका हात मांडीवर घेऊन, अजून रागातच.

इंजिनीअर बाईनं सगळं लिहून घेतलं. सरपंचही सुटला नाही, भुशाकडे त्यानं केलेलं दुर्लक्षही त्यात आलं.

हिवाळाभर किल्ल्यावर काम चाललं. माझ्या जागी नवी तुळई चढली, याच उतारावरची. तिच्या टोकांना भिंतीत हवा खेळायला जागा ठेवलीय. माझ्या बहिणींना आता यंत्र लावून तपासतात, आणि त्याचा कागद निघतो. माझं सडकं टोक कापून टाकलं. उरलेली मी इथे, पाहुण्यांना बसायला. माणसं माझ्यावर बसून पावात फोंतिना चीज घालून खातात, बुटातले खडे झाडतात, आणि आत जायच्या आधी संडास कुठे आहे ते विचारतात.

काकानं कानात यंत्र घातलंय. पहिल्या दिवशी तो घाबरून इथे आला होता. "एवढा गोंगाट असतो जगात? ही नदी रोज एवढी ओरडते?" देल्फिना म्हणाली, "तुम्ही तिच्याहून जास्त ओरडता." तो पुन्हा कधी शिडीवर चढला नाही. त्याला कुणी चढ म्हटलंही नाही, आणि ते त्याला लागतं, हे मी जवळून बघते.

माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही कधी आमच्या खोऱ्यात आलात, पाच किल्ले केलेत, तर माझ्यावर घटकाभर बसा. शेजारी एखादा म्हातारा बसला असेल आणि तुमच्या प्रश्नावर नुसताच "हो, हो" म्हणून हसला, तर उठून जाऊ नका. त्याच्या समोर या, तोंड दिसेल असे, आणि पुन्हा विचारा.