लसणाला कोंब फुटले तेव्हा

लिफ्ट दुरुस्त करणारा, बत्तीस वर्षांचा धडधाकट माणूस. साधा ताप म्हणून दवाखान्यात दाखल झाला आणि बावीस दिवसांनी गेला. सगळं उरकून सासू आणि सून अशा दोघीच घरी आल्या, तेव्हा स्वयंपाकघरात कुबट वास सुटला होता.

सुनेने परडी ओढली. टोमॅटोंचं पाणी झालं होतं आणि लसणाच्या गड्ड्यांना बोटभर हिरवे कोंब फुटले होते. तिने सगळं एका पिशवीत कोंबलं.

"लसूण टाकू नकोस गं," सासू म्हणाली. "कोंब आला म्हणून काही वाया जात नाही."

"आई, आपलं माणूस गेलं! आणि तुम्हाला लसणाचं पडलंय?"

पिशवीतले गड्डे काढून सासू ओट्याशी स्टुलावर बसली. मऊ, काळपट पाकळ्या बाजूला टाकल्या. घट्ट होत्या त्यातल्या काही सोलून उभ्या चिरल्या आणि कडवट लागतो म्हणून आतला कोंब सुरीच्या टोकाने काढला. मग खाली मान घालूनच म्हणाली, "याचे वडील गेले तेव्हा मीही असंच सगळं फेकून दिलं. तीन दिवस गॅस पेटवला नाही. हा पाच वर्षांचा. शेजारीण त्याला जेवू घालत होती, मला पत्ताच नाही. चौथ्या दिवशी मला विचारतो, 'आई, मी काय केलं?'"

सुनेने दवाखान्यात आवरून धरलेलं सगळं बाहेर आलं. सासूने तिला रडू दिलं. मग तेलात लसूण टाकला, त्यावर बटाटे परतले. दोघींनी चार-चार घास खाल्ले.

उरलेल्या पाकळ्या दुसऱ्या दिवशी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावल्या. तळाला भोकं सुनेने पाडली.

"अगं, टोक वर, बूड खाली! डोक्यावर उभं केलंस की बिचारीला."

दोघींना हसू फुटलं आणि लगेच हसल्याचं वाईट वाटलं.

दोन आठवड्यांत पात वीतभर झाली. सासू ती कात्रीने वरवर कापून अंड्यात घालायची. "मुळापासून कापली नाही की पुन्हा येते," म्हणायची.

महिन्याभराने सुनेचा भाऊ न्यायला आला. सून जायला तयार नव्हती. सासूनेच तिची बॅग भरली.

"तुम्ही एकट्या कशा राहणार?"

"मला सवय आहे."

आयुष्यात एकही दिवस ती एकटी राहिली नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी सून गेली.

सुरुवातीला रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. नोकरी लागल्यावर फक्त रविवारी. रविवारी सासू सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसायची आणि वाजला की मुद्दाम थोडा वाजू द्यायची. आपण वाट बघत होतो, असं पोरीला वाटायला नको.