भस्माच्या रेघेआडचा कांदा

गुरुवार म्हणजे कंपन्यांची सुट्टी. चाकणजवळच्या त्या माळावर सकाळपासूनच दुचाक्यांची रांग लागली होती. सगळ्यांना एकच नवल पाहायचं होतं, पाण्याविना वाढणारा कांदा!

माती वरून कोरडीठाक, नि तिच्यावर हिरवीगार पात. मध्ये तांब्याची खुंटी ठोकलेली. वाफ्याभोवती भस्माची रेघ, आणि रेघेच्या आत पाऊल टाकायला सक्त मनाई.

जलनाथ महाराज माइकवरून सांगत होते, "शिफ्ट करून दमलेल्या माणसानं पाण्याची पाळी कधी धरायची? मोटार विसरा, खुंटी ठोका! भूमीची तहान मी बांधली आहे. मात्र एकवीस दिवसांत थेंबभर जरी पाणी दिलंत, तर खुंटीची शक्ती गेली!"

गर्दीत इब्राहिमचाचा उभे होते. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. शेजारच्या अंबूबाई आणि त्यांची सून रुपाली त्यांना आग्रहानं घेऊन आल्या होत्या. रुपालीची कंपनीतली ड्युटी फिरती, शेतातली वीज तिसऱ्याच वेळेला. म्हणून सासूनं बारा दिवसांपूर्वी खुंटी आणून शेतात ठोकली होती.

"म्हाराज," अंबूबाई हात जोडून म्हणाल्या, "आमच्या कांद्याचं शेंडं पिवळं पडल्यात."

"घरात कुणाच्या तरी मनात शंका आहे, माई. आणखी नऊ दिवस थांबा."

रुपाली कुजबुजली, "चाचा, कांदा आत्ता कुठं पोसायला लागलाय. नऊ दिवसांत जळून जाईल. पण आत्या मोटारीला हात लावू देत नाहीत."

चाचा वाफ्याकडे निरखून पाहत होते. वाफ्यात दोन ओळींमधून लव्हाळा उगवला होता, तोही सुतात ओढल्यासारखा सरळ. कोरड्या मातीत तण येतं कसं, आणि आलं तर रांगेत कसं? वाफ्यापलीकडे महाराजांची पत्र्याची शेड होती; ते तिच्यामागे गेले. तिथल्या मोटारीवर त्यांनी तळवा ठेवला. मोटार गरम होती.

"ओ चाचा, तिकडं कुठं?" एक चेला ओरडला.

"नाडी बघतोय, भावा. ताप आहे हिला!"

परत येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "अंबूबाई, पाणी कधी द्यायचं, ते तुम्ही कशावरून ठरवता?"

"त्यात काय इचारायचं? वीतभर उकरायचं, मुळाजवळची माती मुठीत दाबायची. भुगा झाला तर पानी सोडायचं. लाडू वळला तर दम धरायचा."

"मग इथली माती दाबून बघितलीत?"

अंबूबाईंनी भस्माकडे बोट दाखवलं. "न्हाई. रेघ हाय न्हवं."

"त्या रेघेनं तुमचा हात अडवला. डोळ्यांना वरची माती दिसते, अंबूबाई. कांदा पाणी पितो तो खालून."

अंबूबाईंनी पदर खोचला आणि सरळ रेघ ओलांडली.

"माई, भस्म व्हाल!" महाराज किंचाळले.

"सत्तरी झाली माझी. झाले तर झाले!"

लोक हसले. अंबूबाईंनी चार बोटं उकरलं, माती मुठीत दाबली आणि मूठ उघडली. टपोरा लाडू! आणखी उकरलं तर काळी नळी दिसली, थेंबथेंब पाझरणारी. त्यांनी ती ओढली. माती फाडत, भस्म उडवत नळी थेट शेडपर्यंत उचलली गेली.

"ते... अभिषेकाचं पाणी आहे!" महाराज म्हणाले.

"मग आमच्या खुंटीखाली का न्हाई ठिवला अभिषेक?" अंबूबाई कडाडल्या. माइक बंद पडला आणि लोकांनी महाराजांना घेरलं.

चाचा जमलेल्यांना सांगू लागले, "हे साधं ठिबक आहे, फक्त पुरलेलं. पाणी मुळाशी जातं, वरचा थर सुका राहतो. पद्धत चांगली आहे, पाणी वाचवते. पण मोटार चालवायची आणि नाव खुंटीचं घ्यायचं, ही फसवणूक आहे. कांद्याची मुळं उथळ असतात. तो पोसताना तहानला, तर कोणताही मंत्र त्याला पाणी पाजत नाही."

"उभी का, रुपाली?" अंबूबाई म्हणाल्या. "वीज जायच्या आत मोटार लाव."

तासाभरात त्यांच्या शेतात पाटाचं पाणी वाफ्यांत शिरलं. रुपालीनं विचारलं, "चाचा, शेंडे पुन्हा हिरवे होतील?"

"पिवळे झालेले नाही होणार, बेटा. थोडा कांदा बारीक राहील, पण पीक वाचेल. तुझ्या ड्युटीसाठी मोटारीला ठरल्या वेळी चालू-बंद करणारं यंत्र बसवून देतो. माती मात्र तुम्हालाच मुठीत दाबून बघावी लागेल."

बांधावर जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळून ते म्हणाले, "आणि एक ध्यानात ठेवा. खऱ्या गोष्टीला तपासणीची भीती नसते. कुणी म्हणालं, 'हात लावू नका', तर तिथंच आधी उकरून बघा."