इस्त्रिया कडकेन्सिस

“हे कोणी लिहिलं?” चेअरमनबाईंनी पाटीवर बोट ठेवलं.

“मीच, मॅडम. रंग ओला आहे, बोट सांभाळा.”

“नाव कुठून आलं, असं विचारतेय मी.”

“यादीतून,” मी म्हणालो. थाप मारताना शब्द कमी वापरावेत. जास्त बोललं की आपलाच पाय आपल्या पायात अडकतो.

पाटीवर मी झोकात रंगवलं होतं : ‘इस्त्रिया कडकेन्सिस. अतिदुर्मिळ वृक्ष. शंभर वर्षांतून एकदा फुलतो.’ शंभरच का? तर तपासायला कोण थांबतंय!

बाईंनी ते नाव दोनदा पुटपुटलं. मग चष्मा वर सरकवून झाडाकडे असं पाहिलं, की जणू हरवलेला श्रीमंत काकाच सापडलाय. “आणि याच्यावर आपण फुली मारली होती!” त्या म्हणाल्या आणि घाईघाईने फोन काढून फोटो घेऊ लागल्या. मी गाल आतून चावून धरला.

भानगड अशी, की चेअरमनबाईंच्या सोसायटीने, म्हणजे समोरच्या टॉवरवाल्यांनी, ही सरकारी बाग दत्तक घेतली होती. चाळीस झाडं, चाळीस पाट्या, रंगवणार मी. यादीत एकेका झाडाला जीभ वळणार नाही असली नावं. फक्त टाकीमागच्या एका झाडापुढे नाव नव्हतं, लाल फुली होती. जंगली आहे म्हणे. ते काढून तिथे योगासनांसाठी फरशी बसवायची.

त्या झाडाखाली दुपारी एक ते तीन इस्त्रीवाल्या ताई बसायच्या. सकाळी सातपासून त्या फाटकाबाहेर गाडीवर उभ्या. टॉवरमधला एकही शर्ट त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय ऑफिसला जात नाही. आणि इस्त्री काही बसून होत नाही. घर म्हणजे पत्र्याची खोली. दुपारी तिथे अंडं नुसतं ठेवलं तरी उकडेल. म्हणून सतरा वर्षं त्या बुंध्याला पाठ लावून बसत आल्या. साल तेवढ्या जागेपुरती गुळगुळीत झाली होती.

फुलीचं त्यांना मीच सांगितलं होतं. डबा खात होत्या.

“दत्तक म्हणजे काय रे, पेंटर?”

“म्हणजे आता बागेचे आईबाप ते.”

“आणि इतकी वर्षं मी येतेय, ती कोण? दाई?”

“तुम्ही सावत्र.”

“हस मेल्या, हस.” पण घास हातातच राहिला. जरा वेळाने त्यांनी अर्ध्या डब्यावर झाकण लावलं. ताई डबा कधी अर्धा ठेवत नाहीत. मग मला ब्रश उचलावाच लागला.

फुली रद्द झाल्याचं सांगायला मी गाडीवर गेलो. “ताई, झाड तुमच्या नावावर केलंय. इस्त्री तुमची, कडकपणा तुमचा. शेपूट तेवढं परदेशी लावलं.” हसता हसता त्यांना असा ठसका लागला, की कुणाची तरी कॉलर जळता जळता वाचली.

चौथ्या दिवशी चेअरमनबाईंनी बोलावलं. “अजून एक पाटी हवी. लिहून घ्या. दुर्मिळ वृक्ष. येथे बसण्यास सक्त मनाई.”

बाहेर माळी झाडाभोवती खुंट्या ठोकून दोर बांधत होता. चांगला दहा फुटांचा घेर.

माझी तंतरली. “मॅडम, खरं सांगू? ते नाव मी बनवलंय. गंमत केली.”

त्या गोड हसल्या. “अहो, असलं नाव तुम्हाला कसं सुचेल? यादीतच असणार. जा, ठळक अक्षरांत काढा.”

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो, ते कुणाला पटेना. रंगवली पाटी.

एक वाजता ताई डबा घेऊन आल्या. दोराशी थांबल्या. ओठ हलवत अक्षर न् अक्षर वाचलं.

“‘सक्त’मधलं जोडाक्षर झकास जमलंय रे, पेंटर,” म्हणाल्या.

टॉवरचा वॉचमन दोरापाशी उभा होता. तो खाली बघत पुटपुटला, “ताई, दोराबाहेर उभं राहायला हरकत नाही.”

“बरं झालं बाबा, सांगितलंस.”

मी जवळ गेलो. “ताई, दोन्ही पाट्या गायब करू? माझ्या डाव्या हाताचा मळ आहे.”

“आणि परत फुली मारली म्हणजे?” त्यांनी शेंड्याकडे पाहिलं. “राहू दे. जगतंय ना?”

दोराबाहेर हातभर सावली पडली होती. ताई तिथे उभ्या राहिल्या. डबा उघडून तळहातावर धरला आणि खाऊ लागल्या. मधूनमधून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या.