कोरडा पाइप, डावा खांब

मी गोलचा डावा खांब बोलतोय. टेकडीच्या मध्यावर सपाट मैदान आहे ना, तिथे एकटाच उभा दिसतो तोच मी. उजवा खांब कुठे गेला, वरची आडवी दांडी कुठे गेली, ते पुढे सांगतोच. पण आधी एक गोष्ट कानावर घालतो. मी जन्माने खांब नाही. मी पाण्याचा पाइप आहे, आणि या वस्तीच्या पाण्याचा एक थेंबही माझ्या पोटातून आजवर गेलेला नाही.

कारखान्यात मला वळवलं, सांधलं, वितळलेल्या जस्तात बुडवून चकचकीत केलं. ट्रकवर चढवताना एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, की हे नशीबवान, कुणाच्या तरी दारी पाणी घेऊन चालले. ऐकून माझी छाती फुगली, म्हणजे लोखंडाची फुगते तेवढी.

माझ्यासारख्या ढीगभर पाइपांबरोबर मला या टेकडीवर उतरवलं. इथे घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, आणि पाणी मात्र खाली सडकेवर, टँकरचं. बायका आणि पोरी प्लॅस्टिकचे कॅन घेऊन उतरायच्या आणि भरलेले कॅन डोक्यावर घेऊन पायऱ्या चढायच्या. ते थांबावं म्हणून मध्यावर टाकी बांधायची आणि तिथून घरोघरी आमच्यातून पाणी न्यायचं, असं ठरलं होतं. टाकीसाठी जमीन सपाट केली, फलक लावला, भाषणं झाली, टाळ्या पडल्या. मग ठेकेदार गेला तो गेलाच. घोडं कुठे पेंड खात होतं ते कुणाला कळलं नाही. आम्ही ढिगात पडून राहिलो आणि आमच्यावर कचरा साठत गेला. माणसांची ही सवय मी फार जवळून पाहिली आहे. वस्तू आली की गाजावाजा करतात, आणि ती कामाला लागली की नाही हे बघायला कुणी मागे फिरत नाही.

बऱ्याच वर्षांनी एक बाई आली. गळ्यात शिट्टी, पायात मळके बूट. पोरी तिला शिट्टीबाई म्हणू लागल्या. कुठल्याशा संस्थेची होती. मुली मैदानावर आल्या की शाळेत टिकतात, त्यांची लग्नं लवकर होत नाहीत आणि त्यांच्याबरोबर वस्तीही सुधारते, असं ती घरोघरी जाऊन सांगायची. काहींनी दार लावून घेतलं, काहींनी ऐकून घेतलं. ज्यांनी ऐकलं त्यांच्या पोरींनी आधी खेळ नाही, झाडू हातात घेतला. काचा, चिंध्या, फुटक्या बाटल्या पोत्यांत भरून खाली नेल्या. टाकी न झालेल्या जागेवर अशा रीतीने मैदान झालं.

गोल बनवायला बाईने वस्तीतल्या वेल्डरला बोलावलं. त्याची थोरली मुलगी संघात गोलकीपर होती. तिच्या अंगावरून चेंडू जात नसे, म्हणून पोरी तिला भिंत म्हणत. वेल्डरने ढिगात हात घातला, आम्हाला वाजवून पाहिलं आणि मला बाहेर ओढलं. कुणीतरी म्हणालं, की अरे, हा योजनेचा माल आहे, उद्या विचारतील. तो म्हणाला, "पडून गंजण्यापेक्षा उभं राहून गंजू दे." मी डावा खांब झालो, माझा सोबती उजवा, आणि आमच्या डोक्यावर तिसरा आडवा.

शेवटचा जोड मारून झाला, त्याने डोळ्यांवरची काच वर केली आणि सगळ्यांदेखत लेकीला सांगितलं, "खेळ. माझी ना नाही. पण दिवे लागायच्या आत घरात पाणी पाहिजे. कॅन रिकामा आला, की त्या दिवसापासून खेळ बंद."

घरात तिचे दोन धडधाकट भाऊ होते. त्यांना कॅन उचलता आला नसता असं नाही, पण त्यांचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. बापाच्याही नाही, बाईच्याही नाही, आणि खुद्द भिंतीच्याही नाही. तिने मान हलवली आणि अट मान्य झाली.

बाप वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याचे जुने चामड्याचे हातमोजे, ठिणग्यांनी भोकं पडलेले, तो कामावर जाताना 'विसरून' जायचा आणि पोरगी ते घालून गोलमध्ये उभी राहायची. चेंडू येण्याआधी ती एक पाऊल मागे सरून माझ्यावर बोटाचं पेर टक्कन वाजवायची. आपण कुठे उभे आहोत हे कळायला गोलकीपर तसं करतात. पण मला वाटायचं, ती माझी चौकशी करतेय. पाण्याने नाही तर नाही, निदान कुणीतरी मला हात लावून विचारत होतं.

आता प्रश्न असा, की टँकर यायचा संध्याकाळी आणि खेळही संध्याकाळीच. त्यातही टँकरला नेमकी वेळ अशी नाहीच. आला की आला. रांगेत माणूस नसेल तर त्याचा कॅन लाथेने मागे. मग पोरी खेळत कशा होत्या? एका म्हातारीच्या जिवावर.

तिला सगळे रांगमावशी म्हणत. कामावर जाणाऱ्या बायकांचे कॅन सांभाळत ती दिवसभर सडकेवर बसायची, टँकर आला की पायाने एकेक कॅन पुढे सरकवायची, आणि भरलेल्या प्रत्येक कॅनमधून मगभर पाणी मजुरी म्हणून घ्यायची. गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. तिच्या तोंडाला लागायची टँकरवाल्याचीही छाती नव्हती. खेळणाऱ्या पोरींकडून मात्र ती हे मगभर पाणी घेत नसे. का, असं एकीने विचारलं तेव्हा म्हणाली, की मी जन्मभर रांगेत बसले, तुम्ही तरी पळा. शिट्टीबाईची संस्था, बूट, चेंडू सगळं एकीकडे. खरं तर तो अख्खा संघ त्या म्हातारीच्या एका पायावर उभा होता.

वर्षाने निवडीचा सामना ठरला. शहरातून पाहुणे येणार, दोन पोरी निवडणार आणि त्यांना दूरच्या क्रीडा प्रशालेत नेणार. राहणं, शिकणं, खेळणं सगळं तिथेच. भिंतीला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की त्या आठवड्यात ती माझ्याशी बोलायची. तिथे खोलीतच नळ असतो म्हणे, असं तिने मला दोनदा सांगितलं.

शिट्टीबाईच्या मनात आलं, की ज्या म्हातारीमुळे हे सगळं झालं तिचा मान करायचा. विचार चांगला होता. पोरींनी रांगमावशीला अक्षरशः उचलून वर आणलं आणि पाहुण्यांच्या शेजारी खुर्चीवर बसवलं. सामना दुपारचा होता, टँकरला अवकाश होता, तेव्हा कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. पण पाहुणे उशिरा आले. आल्यावर बोलत राहिले. स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण, पाणी वाचवा. त्यांच्या टेबलावर बंद बाटल्या होत्या. एकेकाने दोन घोट घेतले आणि बाटल्या तशाच ठेवल्या. सामना सुरू झाला तेव्हा ऊन उतरलं होतं.

शेवटच्या काही मिनिटांत समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली आणि त्याच वेळी खालून टँकरचा हॉर्न आला.

माझ्या जागेवरून सडक दिसते. तिलाही दिसत होती. पोरींचे कॅन रांगेत होते, पण त्यांच्यामागे कुणी नव्हतं. रांगमावशी खुर्चीतून उठायला लागली तर फोटोवाला म्हणाला, आजी, जरा बसा. तिने त्याला काय सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण गुडघे उठू देईनात, आणि उठली असती तरी इतक्या पायऱ्या उतरणार कधी? खाली कुणीतरी पहिला कॅन लाथाडला. भिंतीचा निळा कॅन गडगडत गटारापाशी जाऊन पडला.

ती गोल सोडून पळाली असती, तर मी तिला दोष दिला नसता. ती खाली बघत राहिली. मग एक पाऊल मागे आली आणि माझ्यावर पेर वाजवलं. चेंडू डाव्या कोपऱ्यात आला. तिने झेप घेतली, चेंडू हातमोज्याला लागला, माझ्यावर आदळला आणि बाहेर गेला. माझं अंग कितीतरी वेळ झणझणत होतं. आयुष्यात मी एकदाच कुणाच्या उपयोगी पडलो, ते तेव्हा.

तिची निवड झाली. टाळ्या वाजत होत्या आणि ती पायऱ्या उतरत होती. खाली पोचली तेव्हा टँकर गेला होता.

पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. ती रिकामा कॅन घेऊन घरी गेली. बापाला आपण होऊन सांगायचं, पाया पडायचं, आजच्या दिवस माफ करा म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं. पण दारात आई भेटली. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. दिवसभर पाण्यात उभी राहून लोकांच्या चादरी धुवायची आणि संध्याकाळी घोटभर पाण्यासाठी लेकीची वाट पाहायची. लेकीच्या तोंडावरून तिला सगळं कळलं. निवड झाल्याचंही आणि कॅनचंही.

"दे तो इकडे," ती म्हणाली. "बाबा आले तर सांग, पाणी येतंय."

आणि ती टेकडीमागच्या दगडखाणीकडे गेली. खाणीत पाणी साठतं. वापरायला चालतं, पण वाट निसरडी, आणि तेव्हा अंधारून आलं होतं. लेकीची निवड आणि नवऱ्याची अट, दोन्ही राखायला निघाली होती बिचारी. भरलेला कॅन घेऊन चढताना तिचा पाय सरकला. वेल्डर शोधायला गेला तेव्हा ती खाली दगडांत पडलेली होती आणि कॅन तिने हातातून सोडला नव्हता.

ती वाचली. कमरेखालचं अंग मात्र गेलं.

वस्तीने निवाडा करायला वेळ लावला नाही. पोरी खेळायला लागल्या म्हणून हे झालं. घराबाहेर उड्या मारल्या की असंच व्हायचं. एकेका बापाने आपापली मुलगी घरात घेतली. रांगमावशीने पुन्हा वर पाऊल टाकलं नाही. तिला कुणी खुर्ची दाखवली तरी ती तोंड फिरवते. आमचा तो ढीग अजून तिथेच पडलेला आहे, मैदानाच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्याच्याकडे बोट दाखवून कुणी म्हणालं नाही, की हे पाइप जमिनीत पुरले असते तर ती बाई खाणीकडे कशाला गेली असती? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे यांना पाठ आहे. पण आड कुणी का खणला नाही, हे विचारायचं यांना सुचत नाही. याचा मला राग येतो. लोखंडालाही राग येतो.

एका सकाळी वेल्डर गॅसचं नळकांडं घेऊन आला. वाटलं, आता आपला निकाल लागला. त्याने आडवी दांडी कापली, उजवा खांब कापला. माझ्याजवळ आला, ज्योत पेटवली आणि तशीच धरून उभा राहिला. मग विझवली आणि मला टेकून खाली बसला. हुंदके देत होता. "मीच अट घातली होती," एवढंच म्हणाला. मला तसाच सोडून गेला. उजव्या खांबाचे दोन पाय झाले आणि आडवी दांडी त्यांच्यावर बसली, बायकोच्या खाटेच्या डोक्याशी. त्या दांडीला धरून ती उठून बसते. माझे सोबती निदान कुणाला तरी उठवतात.

शिट्टीबाई भिंतीला न्यायला आली, तेव्हा दोघी माझ्यापाशीच बसल्या. बाईने खूप समजावलं. जागा तुझ्यासाठी ठेवायला सांगते, आईसाठी माणूस बघते, वर्षभराने ये. पोरगी ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "बाई, मी आले असते. पण आईच्या चादरी रोज धुवायला लागतात. आता घरात दुप्पट पाणी लागतं. ते कोण आणणार?"

दोन भाऊ घरी होते, हे तेव्हाही कुणी बोललं नाही.

ती आता दिवसातून दोनदा पायऱ्या चढते, माझ्या बाजूने. डोक्यावर कॅन असल्यामुळे मान वळवता येत नाही, म्हणून माझ्याकडे बघत नाही. मी तसं समजतो. संस्थेच्या मोठ्या फलकावर तिचा झेप घेतानाचा फोटो लागला आहे म्हणे. त्यात मीही आहे. फोटोत ती हवेत आहे, ती तेवढी तिथेच राहिली.

माझ्या तळाशी गंज धरलाय. फार दिवस नाही टिकायचो. तेव्हा ऐकणाऱ्यांनो, कुणाच्या हाती काही असेल तर एवढं करा. मला उपटा. माझ्या त्या पडलेल्या भावंडांनाही उचला. आम्हाला आडवं करा, मातीत पुरा, तिच्या दारापर्यंत न्या. आम्ही कुणाला दिसलो नाही तरी चालेल, आमचा फोटो नको. मैदान ओसाड पडेल म्हणून घाबरू नका. तिचे हात मोकळे झाले की ती येईल, पोरी येतील. गोल काय, दोन दगड ठेवले तरी होतो. दगडांतून पाणी येत नाही.