पंधरा मीटर उघडा पाइप
जग चालतं ते वाफेवर, असं बॉयलर सांभाळणाऱ्या सुयुनबेकचं ठाम मत होतं. राज्यं आली-गेली, झेंडे बदलले, वाफ मात्र तीच. हे तो सांगायचा तेव्हा त्याच्या डोक्यावरच्या पाइपावर समोशासारखे नऊ सामसे तापत असायचे आणि चार जोड लोकरीचे बूट नि हिशेबनिसाचा पायजमा वाळत असायचा.

किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या दूध कारखान्यात बॉयलरपासून लोणी विभागाकडे जाणारा हा पंधरा मीटर उघडा पाइप म्हणजे जानेवारीतली सगळ्यात उबदार जागा. दुपारी लोणीवाल्या बायका मटणाचे सामसे त्यावर गरम करत. गावातली भानगड आधी इथे पोचे, मग घरी. जागेचं भाडं म्हणून त्यांच्यातली बुरुलचा नावाची बाई रोज एक कमी कांद्याचा सामसा सुयुनबेकपुढे ठेवी. सव्वीस वर्षं.

मग ऊर्जा कुठे वाया जाते ते शोधायला बिश्केकहून गुलनुर नावाची इंजिनिअर पोरगी आली. तिने पाइपावर उष्णता मोजायचं यंत्र रोखलं आणि म्हणाली, हा एकटाच हिवाळ्याला बारा टन कोळसा खातो. दोन दिवसांत पाइप काचलोकर आणि पत्र्यात गुंडाळला गेला; वरून गार. त्याच अहवालात पुढे होतं: शीतगृहाचा कॉम्प्रेसर जी उष्णता बाहेर फेकतो ती एका टाकीत घ्या, भांडी धुण्याचं पाणी फुकट तापेल. टाकी बसली. कुठे? शीतगृह सांभाळणाऱ्या इसखारकडे.

कोळसा खरंच घटला. संचालकांनी सुयुनबेकला प्रशस्तिपत्र दिलं. ते त्याने भिंतीवर लावलं आणि बघायला कोणी आलं नाही. बॉयलरचं दार गरम होतं, पण तिथे सामशावर राख पडते.

सगळे इसखारकडे. ज्याने जन्मभर गारठा तयार केला, त्याच्याकडे ऊब घ्यायला! भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं की सुयुनबेकच्या पोटात दुखे. इसखारला विनोद येत होते दोनच, आणि त्यातला एक सुयुनबेकचा होता.

एकदा त्याने बुरुलचाला अडवून विचारलंच, तिकडे एवढं काय ठेवलंय?

"काही नाही हो बाइके," थोरल्या भावाला हाक मारतात तशी ती म्हणाली. "टाकीचं झाकण गरम असतं. आणि इसखार भाषण देत नाही."

झाकण! म्हणजे ते न गुंडाळलेलं, उघडं आहे. सुयुनबेकने त्याच दुपारी गुलनुरला तक्रार लिहिली: शीतगृहात उष्णतेची राजरोस नासाडी चालू आहे. फक्त झाकणाचं तापमान तेवढं भरायचं राहिलं. कागद घेऊन तो तडक शीतगृहात गेला. त्याने तापमापक मागितला.

इसखारने कागदाकडे पाहिलं, तापमापक झाकणावर टेकवला आणि वाचून दाखवला.

"पंचेचाळीस अंश. लिहा, बाइके. म्हणजे ती पोरगी हेही गुंडाळेल. मग आपण सगळ्यांनी बसायचं कुठे?"

'आपण सगळ्यांनी' हे सुयुनबेकला सगळ्यात जास्त झोंबलं. त्याने खिशातून पेन काढलं. पेन गारठलं होतं, म्हणून क्षणभर झाकणावर ठेवलं. मग हात ठेवला. मग दुसरा.



"तो कडेचा सामसा," शेवटी तो बुरुलचाला म्हणाला, "कोणाचा नसेल तर... कांदा कमी आहे ना त्यात?"