चारच ओळी राहिल्या होत्या

"मूड आला की लिहीन," असं मी म्हटलं की आई म्हणायची, "तुझा मूड म्हणजे जावईच. बोलावणं धाडा, पाट मांडा, तरी पत्ता नाही." मी हसून सोडून द्यायचे. यंदा सरस्वतीपूजेला ते हसणं महागात पडलं. मला नाही, माझ्या मैत्रिणीला, मौलीला पडलं, आणि म्हणूनच जास्त बोचतंय.

आमच्या कृष्णनगरच्या कॉलेजात पूजेच्या सकाळी भित्तिपत्रक लागतं. मी त्याची संपादक. सगळा अंक हाताने लिहिलेला असतो आणि तो हात मौलीचा. बाकीच्यांचे लेख आणि कविता मी दटावून वेळेत गोळा केल्या. "मौलीलाही जीव आहे, तिला उतरवायला वेळ नको का?" हे मीच सगळ्यांना सुनावत फिरत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मधल्या रकान्यात जायचा होता तो माझा लेख, आटत चाललेल्या जलंगी नदीवरचा, तेवढाच यायचा राहिला होता.

त्यासाठी महिना हाताशी होता. आधी मी वेळापत्रक केलं, तीन रंगांच्या शाईत. त्यात एक अख्खी दुपार गेली आणि काम केल्याचं समाधानही मिळालं. मग नदीवर जाऊन बसले. मग नवं पेन आणलं, कारण जुनं अडखळत होतं. अडखळत खरं तर मीच होते. पहिलं वाक्य सोन्यासारखं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, असा माझा बाणा. मौली अधूनमधून विचारायची, "रुमेला, झालं का गं?" मी म्हणायचे, "डोक्यात तयार आहे, नुसतं उतरवायचंय." डोक्यात काहीही नव्हतं.

लेख पुरा झाला तो पूजेच्या दिवशी सकाळी. धावत कॉलेजात गेले, तर मौली वासंती साडी नेसून, पदर खोचून, कागदासमोर सतरंजीवर बसलेली. मधला रकाना कोरा. अंजलीच्या, म्हणजे देवीला फुलं वाहण्याच्या आधी तो भरायलाच हवा होता, कारण एकदा अंजली झाली की पेनं, वह्या, पुस्तकं सगळी देवीच्या पायांशी जातात आणि दिवसभर कुणी अक्षर लिहीत नाही. मुभा फक्त ज्याची हातेखोरी असेल त्या लेकराला. ते त्या दिवशी आयुष्यातलं पहिलं अक्षर काढतं.

आणि मौलीच्या घरी त्याच सकाळी तिच्या भाचीची, झिमलीची हातेखोरी होती. झिमलीने केव्हाच जाहीर केलं होतं की हात धरायचा तो फक्त पिशीने. आपली आत्या गावात सगळ्यांत सुंदर लिहिते, हे त्या एवढ्याशा पोरीलाही ठाऊक होतं.

मौलीने माझी पानं उलटली. "इतकं? थोडं कमी कर ना."

मी पेन घेऊन बसले. एकही ओळ कापवेना. "राहू दे, आहे तसंच घे," मी म्हटलं. तिने लिहायला घेतलं.

अर्ध्याच्या पुढे गेली असेल, तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिची बौदी, झिमलीची आई, इतक्या मोठ्याने बोलत होती की मलाही ऐकू येत होतं. "ठाकुरमोशाय आलेत गं. त्यांना उचलून न्यायला पलीकडच्या गल्लीतली पोरं दारातच उभी आहेत. ये लवकर." त्या दिवशी पुरोहित राजाच्या घरीसुद्धा थांबत नाही.

मौलीने माझ्याकडे पाहिलं. "रुमेला, खाली थोडी जागा कोरी सोडली तर?"

खाली माझा शेवट होता, ज्याच्यावर मी भाळले होते. मी म्हटलं, "चारच ओळी राहिल्यात गं." चार नव्हत्या, चांगल्या दहा-बारा होत्या. हे तिला दिसत होतंच. तिने मान खाली घातली आणि लिहीत राहिली. घाईत एक अक्षरही बिघडवलं नाही.

अंकाचं उद्घाटन झालं. प्राचार्या म्हणाल्या, "काय सुरेख अक्षर आहे." लेखाची पहिली ओळ वाचली आणि जमिनीवरची अल्पनेची रांगोळी बघायला पुढे गेल्या. शेवटच्या ओळींपर्यंत कुणीच पोचलं नाही. मीही नाही.

अंजली झाल्या झाल्या मी मौलीच्या मागोमाग तिच्या घरी गेले. झिमली पायरीवर पाटी घेऊन बसली होती. पाटीवर एकच 'अ', पार आडवा झालेला.

"मी आईला हात धरू दिला नाही," ती म्हणाली, "मग ठाकुरमोशाय ओरडले. तू कुठे होतीस?"

"लिहीत होते," मौलीने तिला मांडीवर घेतलं.

"आज लिहायचं नसतं," झिमली म्हणाली.

बौदीने आमच्यापुढे बोरं ठेवली. सरस्वतीपूजेआधी बोरं खायची नसतात; पूजा झाली, आता हरकत नव्हती.

"मौली, माझं चुकलं," मी म्हटलं.

"असू दे. पुढच्या वर्षी लेख वेळेत दे म्हणजे झालं."

"देईन. नक्की."

"दे," ती बोराची बी काढत म्हणाली. "हातेखोरी काही पुढच्या वर्षी नसते." आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी आले. सगळी दुपार मोकळी पडलेली. तोंडाने मला माफी धड मागता येत नाही, लिहून मागावी असं वाटलं. आणि पहिल्यांदाच पहिल्या वाक्यासाठी थांबावंसं वाटेना. चार नव्हत्या, तुलाही माहीत होतं, मलाही माहीत होतं, असं सरळ लिहायचं होतं. टेबलापाशी गेले तर टेबल रिकामं. माझं नवं पेन, वह्या, ते तिरंगी वेळापत्रकसुद्धा आईने देवीच्या पायांशी नेऊन ठेवलं होतं, झेंडूखाली.

"काय शोधतेस?" आईने विचारलं.

"पेन."

"आला वाटतं जावई," आई म्हणाली. "आता उद्यापर्यंत बसव त्याला."